एमडी साहेब अध्यक्षपदाला उभे राहतात

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "रामराव, मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब निवृत्त झाले की हल्ली देशाच्या अध्यक्षपदाला उभे राहतात. त्यांना ते जमतं का, यावर कुणा अनुभवी माणसानं लिहायला हवं." मी म्हटलं, "बाई, मी बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटचा मॅनेजर होतो. मला देशाचं काय कळतंय?" त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे अध्यक्ष नव्हता का?" होता की. अध्यक्ष होता, निवडणूक होती आणि कंपनीचा निवृत्त साहेबही होता. देश तेवढा लहान होता.

आधी आमचा धंदा काय ते सांगतो. लोकांना वाटतं, अपार्टमेंटचा मॅनेजर म्हणजे किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा माणूस. खरं काम दोनच: पाणी वर चढवायचं आणि माणसांचा पारा खाली उतरवायचा. सर्जापूर रोडला नळाच्या पाण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. बोअरवेल देईल तेवढं घ्यायचं, बाकीचं टँकरनं आणायचं, जमिनीखालच्या टाकीत ओतायचं आणि पंपानं गच्चीवर न्यायचं. हे सुरळीत चाललं की तुमचं नाव कुणाला ठाऊक नसतं. टँकर चुकला की सगळ्यांना तुमचं नाव, गाव आणि सात पिढ्या आठवतात.

आमच्या सात पिढ्या, नव्हे जास्तच, याच मुलखात गेल्या. पूर्वज घोड्यावरून आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमच्या मराठीत 'थोडं'च्या जागी 'स्वल्प' आणि 'बरं'च्या जागी 'सरी' हे कन्नड शब्द कधी शिरले ते आम्हालाही सांगता येत नाही. पण त्याचा नोकरीत फायदा झाला. टँकरवाल्याशी कन्नडमधून, वॉचमनशी हिंदीतून आणि चिडलेल्या मालकांशी इंग्लिशमधून बोलायचं, आणि स्वतःशी बोलायचं झालं की मराठीतून.

गिऱ्हाइकं एकेक नग. एका गृहस्थांनी लेखी तक्रार केली होती की आवारातली कोकिळा पहाटे फार लवकर सुरू करते, तिला साडेसातनंतरची वेळ द्यावी. एक बाई म्हणायच्या, लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई 'दार बंद होत आहे' हे त्यांना उद्देशून टोमण्यात बोलते. अशा वेळी हसायचं नसतं. मान डोलवायची, 'बघतो' म्हणायचं आणि खरोखरच एकदा लिफ्टमध्ये जाऊन तिचं बोलणं ऐकून यायचं. मी ऐकून आलो. थोडासा टोमणा होता.

या सगळ्यावर फ्लॅटमालकांची असोसिएशन आणि तिचा अध्यक्ष. पदाला पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र भरपूर. म्हणून दर वर्षी नंजुंडय्या सरच बिनविरोध निवडून यायचे. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस. कुठलाही प्रश्न नेला की ते चष्मा काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "नोडोणा." म्हणजे बघू. निम्मे प्रश्न बघता बघता आपोआप मरायचे आणि उरलेल्यांसाठी ते कुणाला तरी एक फोन करायचे. कारभार उत्तम चालला होता.

तेवढ्यात करमरकर साहेब निवृत्त झाले.

करमरकर साहेब मूळचे पुण्याचे. साबण आणि बिस्किटं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर. इतकी वर्षं मी त्यांना फक्त गाडीत बसताना पाहिलं होतं. निवृत्तीनंतर पंधरवड्यातच त्यांच्या पत्नी, सुमेधावहिनी, भर दुपारी माझ्या केबिनमध्ये आल्या आणि दार लावून घेऊन बसल्या.

"रामराव, अध्यक्षाची निवडणूक कधी असते?"

"दसऱ्यानंतरच्या रविवारी, वहिनी."

"ह्यांना उभं करायचंय."

"साहेबांची इच्छा आहे?"

"माझी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग धरण फुटलं.

साहेबांनी घर चालवायला घेतलं होतं. फ्रिजचे कप्पे खात्यांप्रमाणे वाटले होते. डब्यांना लेबलं लावली होती, तीही इंग्लिशमधून, त्यामुळे साबुदाणा सापडेना. स्वयंपाकाच्या बाईंना समोर बसवून त्यांनी विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? त्या म्हणाल्या, दुसऱ्या घरी. आणि दुसऱ्या दिवसापासून गेल्या.

"तेही चाललं असतं हो," वहिनी म्हणाल्या. "पण माझा गुरुवार? दर गुरुवारी आम्ही सात-आठ जणी जमतो, पेटी काढतो, गातो. कितीतरी वर्षं चाललंय. परवा हे कोपऱ्यात बसून ऐकत होते. मला बरं वाटलं, म्हटलं ऐकतायत. गाणं संपल्यावर प्रत्येकीला एक चांगला गुण आणि एक सुधारणेला वाव असलेली गोष्ट सांगितली. दोघीजणी यायच्या बंद झाल्या." त्यांचे डोळे भरून आले. "माणूस वाईट नाही. पण आयुष्यभर हा घरात नव्हता तेव्हा मी स्वतःचं एक घर केलं, आता तेच माझ्याकडून काढून घेतोय. रामराव, हे निवडून आले नाहीत तर दिवाळीनंतर मी सांगलीला भावाकडे जाते. परतीचं तिकीट काढणार नाही."

मी त्यांना पाणी दिलं. मला त्यांचं वाईट वाटत होतं, पण स्वतःचं जास्त वाईट वाटत होतं. साहेब जिंकले तर वहिनींचं घर मोकळं होणार, हे खरं. पण तो माणूस दिवसभर बसणार कुठे? अख्ख्या अपार्टमेंटमध्ये असोसिएशनच्या कारभाराची एकच खोली, ती माझी केबिन. वहिनींची सुटका म्हणजे माझी जन्मठेप. मॅनेजरनं निवडणुकीत तटस्थ राहायचं असतं हा नियम त्या दिवशी मला फार सोयीचा वाटला.

साहेब उभे राहिले. वहिनींनी कसं पटवलं कोण जाणे. प्रचार असा झाला की विचारू नका. क्लबहाऊसमध्ये त्यांनी 'लिसनिंग सेशन' ठेवलं, नाव ऐकण्याचं पण बोलले तेच. पडद्यावर चित्रं, बाण, गोल. कचऱ्याच्या डब्याचं 'व्हिजन' होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रश्न विचारले, मागून सामोसेही संपवले. साहेब खूश. "रामराव, फॅन्टास्टिक रिस्पॉन्स. एक माणूस अगेन्स्ट नाही."

"सर, सगळे भाडेकरू होते."

"सो?"

"भाडेकरूंना मत नसतं. मालकांना असतं. मालक आले नाहीत."

साहेबांनी लॅपटॉप मिटला. साबण वापरणाऱ्याला खूश केलं की साबण खपतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. इथे वापरणारा एक आणि ठरवणारा दुसराच, तोही बरेचदा कॅनडात. मग त्यांनी मालकांना लिफ्टमध्ये गाठायला सुरुवात केली. दार बंद झालं की भाषण सुरू. आठव्या मजल्यावरचे लोक चौथ्यावर उतरून जिना चढू लागले. त्या महिन्यात आमचं विजेचं बिल कमी आलं असेल.

नंजुंडय्या सरांचा प्रचार काय? काही नाही. संध्याकाळी ते गेटपाशी शहाळंवाल्याजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "ऊटा आयता?" एवढंच विचारायचे. जेवलात का? सगळी मतं तिथेच जमा होत होती. मी मनातल्या मनात निश्चिंत झालो. साहेब पडणार, माझी केबिन वाचणार. पण गुरुवार आला की वहिनींच्या खिडकीकडे बघायला नको वाटायचं. आता तिथून पेटी ऐकू येत नव्हती.

मग आली आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, बेंगळुरूत या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. रिक्षा, लेथ, कॉम्प्युटर, काहीही. आमच्याकडे पंप, जनरेटर, लिफ्टची मोटर सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. शेवटी कोहळा घ्यायचा, त्यात कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, यंत्रावरून ओवाळायचा आणि समोर जमिनीवर फोडायचा. लागलेली दृष्ट कोहळ्याबरोबर फुटून जाते. मग चुरमुरे, मिठाई, सुटी. कोहळा फुटेपर्यंत मात्र यंत्राला हात लावायचा नाही.

आमच्या टँकरचे मालक मुनिराजू, होसकोट्याचे. त्यांच्या तीन लॉऱ्यांची पूजा आमच्याच आवारात व्हायची, हा जुना रिवाज. आदल्या संध्याकाळी लॉऱ्या पाणी भरून यायच्या, सकाळी झेंडू आणि केळीचे खांब बांधून नवऱ्या मुलीसारख्या उभ्या राहायच्या आणि पूजा झाली की टाकीत पाणी सोडायच्या.

नंजुंडय्या सर मला म्हणाले, "रामराव अण्णा, यंदा पूजेची जबाबदारी करमरकरांना देऊ. उमेदवार आहेत, करू दे की." चष्मा पुसताना ते हसत होते की काय, मला कळलं नाही.

साहेबांनी दोन्ही हातांनी जबाबदारी घेतली. मी विचारलं, "सर, कोहळे आणायला माणूस पाठवू का बाजारात? आदल्या दिवशीच घ्यावे लागतात." साहेब हसले. "रामराव, इन्व्हेंटरी कशाला ठेवायची? दहा मिनिटांत आणून देणारं ॲप आहे. सकाळी ऑर्डर करू. फ्रेश."

सकाळी सगळे जमले. वहिनी आल्या, नंजुंडय्या सर आले, मुनिराजू पांढऱ्या पंच्यात गंध लावून उभे. लोक घरोघरी सणाच्या आंघोळी करत होते आणि टाकी तळाला लागली होती, पण काळजी नव्हती, पाणी दारात उभं होतं. साहेबांनी फोनवर बोट मारलं आणि खरोखर दहा मिनिटांत दोन पिशव्या आल्या. साहेबांनी विजयी मुद्रेनं त्या उघडल्या.

आत कोहळाच होता. सोललेला, बिया काढलेला, चौकोनी फोडी केलेला, छोट्या छोट्या प्लास्टिकच्या पाकिटांत. वर लिहिलं होतं, धुऊन तयार.

मुनिराजूंनी एक पाकीट उचललं, उलटसुलट पाहिलं आणि फार आदरानं म्हणाले, "सार, इदु पल्यक्के. पूजेगल्ल." हे भाजीचं आहे, पूजेचं नाही.

"बेस्ट रेटिंग याचंच होतं," साहेब म्हणाले. पुन्हा फोन पाहिला, अख्खे कोहळे संपले होते. त्या दिवशी संपणारच, सगळं शहर तेच फोडत असतं. एक माणूस स्कूटरवरून बाजारात धाडला, तो रिंग रोडवरच्या गर्दीत अडकल्याचा फोन आला.

आता बघा, टाकी कोरडी, तीन टँकर भरलेले, आणि कोहळ्याशिवाय नळी सुटणार नाही. गच्चीवरचं पाणी संपलं तशी माणसं खाली यायला लागली. डोक्याला शिकेकाई, अंगाला उटणं, एकाच्या अर्ध्याच गालावर साबण. साहेबांनी स्वतःच्या सवयीप्रमाणे तिथेच मीटिंग घेतली. "मुनिराजू, लेट्स बी प्रॅक्टिकल. कन्सेप्ट तोच आहे ना?" आणि आम्ही थांबवायच्या आत त्यांनी एक पाकीट पहिल्या लॉरीवरून ओवाळून जमिनीवर आपटलं.

पाकीट फुटलं नाही. उडालं, टप्पा खाल्ला आणि लॉरीच्या खाली घसरत गेलं. तिथे झोपलेल्या कुत्र्यानं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

मुनिराजू काळजीत पडले. माणूस अडवणुकीचा नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अण्णा, पाणी देणार नाही असं मी कसं म्हणेन? पण गेल्या वर्षी एका ठिकाणी पूजा न करता लॉरी काढली, दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रायव्हरचा पाय मोडला. स्वल्प थांबा." वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. सांगलीचं तिकीट त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

मदतीच्या आशेनं माणूस वर बघतो तसं साहेबांनी वर पाहिलं, आणि त्यांना कमानीला टांगलेला कोहळा दिसला.

हा दुसरा प्रकार. बेंगळुरूत दारावरही कोहळा टांगतात. तो येणाऱ्या-जाणाऱ्यांची दृष्ट महिनोन् महिने स्वतःवर घेत लटकत राहतो. वेळच्या वेळी बदलायचा असतो. आमचा नंजुंडय्या सरांच्या 'नोडोणा'मध्ये अडकला होता. बाहेरून हळद, आतून काय झालं असेल ते देव जाणे.

"आहे की आपल्याकडे," साहेब म्हणाले, आणि इलेक्ट्रिशियनच्या शिडीवर चढलेसुद्धा. "बेडा सार, बेडा," असं ड्रायव्हर, मुनिराजू आणि दोन म्हाताऱ्या सगळे एकदम ओरडले. नको, नको. साहेबांना कन्नड येत नव्हतं, त्यांना वाटलं प्रोत्साहन देतायत. त्यांनी शिंकाळ्यातून कोहळा सोडवला, शिडी उतरले आणि स्पर्धेत मिळालेला चषक उचलावा तसा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून लॉरीकडे निघाले.

पहिल्या लॉरीच्या बरोबर समोर कोहळ्यानं जीव सोडला. आवाज झाला नाही. नुसता खचला, आणि आतलं सगळं साहेबांच्या टकलावरून, चष्म्यावरून, नव्या कोऱ्या कुडत्यावरून खाली आलं. वास असा की शिकेकाईवाले चार पावलं मागे सरकले.

साहेब हात वर तसेच ठेवून उभे. कुणी हसलं नाही, कारण सगळे मुनिराजूंकडे बघत होते. मुनिराजूंनी लॉरी पाहिली, जमीन पाहिली, साहेबांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि हात जोडले. "ओडेदोय्तु, सार. मुगीतु."

"काय म्हणतायत?" साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"फुटला म्हणतायत, सर. काम झालं. लॉरीची, पंपाची, आपल्या सगळ्यांची दृष्ट तुमच्या अंगावर उतरली."

"ओके," साहेब म्हणाले. जरा थांबून विचारलं, "आता टाकी भरतील ना? लोक खोळंबलेत."

हे ते ज्या पद्धतीनं म्हणाले त्यानं मी चकित झालो. स्वतःच्या अंगाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ड्रायव्हरांनी नळी सोडली, पहिली धार साहेबांवर धरली आणि मग टाकीत वळवली. साहेब भर आवारात, झेंडूच्या माळांखाली, टँकरच्या पाण्यानं न्हाले. तेव्हा मात्र सगळे पोट धरधरून हसले, साहेबही. आणि दोन म्हाताऱ्यांनी पुढे होऊन त्यांच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. फोडींची पाकिटं वाया गेली नाहीत. मुनिराजूंच्या बायकोनं त्यांची मज्जिगे हुळी, म्हणजे ताकातली कढीसारखी आमटी केली आणि सगळ्यांनी भाताबरोबर ओरपली.

रविवारी क्लबहाऊस भरलं होतं, या वेळी मालकांनी. साहेबांनी लॅपटॉप जोडला. पहिलं चित्र पडद्यावर यायच्या आत नंजुंडय्या सर उठले आणि म्हणाले, "मी इतकी वर्षं अध्यक्ष आहे. कुणाची दृष्ट कधी डोक्यावर घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांनीच या खुर्चीत बसावं." आणि नाव मागे घेऊन खाली बसले. हरलेल्या माणसाच्या तोंडावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे हात वर गेले. व्हिजन, बाण, गोल तसेच लॅपटॉपमध्ये राहिले. कोपऱ्यात सुमेधावहिनींनी डोळे मिटून कुणाला तरी नमस्कार केला.

मला झोप लागली नाही.

सोमवारी सकाळी आठला साहेब डबा घेऊन माझ्या केबिनमध्ये हजर. माझी भीती तंतोतंत खरी ठरली. रोज सकाळी पंपाशेजारी उभ्यानं मीटिंग. आमचा प्लंबर बिचारा, बसायची परवानगी कधी मिळते याची वाट बघायचा. झाडूवालीला तिची 'लॉंग टर्म गोल्स' विचारली, ती म्हणाली येलहंक्याला प्लॉट. साहेबांचीच तशी गोल्स नव्हती, ते वरमले. पण खोटं कशाला बोलू, कामही झालं. बोअरवेलची मोटर वेळेत दुरुस्त होऊ लागली, कमानीवरचा कोहळा दर अमावास्येला बदलू लागला. मुनिराजूंना फोन ते स्वतः करायचे. कन्नड दोनच शब्द, 'सरी' आणि 'आयतु', म्हणजे बरं आणि झालं, पण तेवढ्यावर पाच पाच मिनिटं बोलायचे. कुणी तक्रार घेऊन आलं की ऐकून घ्यायला शिकले. शेवटी गुण आणि सुधारणेला वाव सांगायचा मोह मात्र सुटला नाही.

गुरुवारी वहिनींकडे पेटी पुन्हा वाजू लागली. केबिनच्या खिडकीतून ऐकू यायची. त्या वेळी साहेब फाइल उघडी ठेवून नुसते बसायचे. एकदा मी म्हटलं, "सर, वहिनी किती छान गातात."

"हो," ते म्हणाले. "घरी बसून ऐकलं तेव्हा कळलं नव्हतं. मी ऐकत नव्हतो, तपासत होतो." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "रामराव, तिनं मला का उभं केलं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिला तिचं घर परत हवं होतं. ते मागितलं तर नाही कसं म्हणायचं? पण मला कळलंय हे तिला सांगू नका. आपण नवऱ्याला कसं गंडवलं या आनंदात ती आहे, राहू दे."

केबिन संध्याकाळी बंद व्हायची. त्या गुरुवारी मी पंखा बंद केला, कुलूप हातात घेतलं, तरी साहेब उठेनात. म्हणाले, "अजून थोडा वेळ बसू का? वर बायका असतील."

"गाणं केव्हाच थांबलंय, सर."

"असेल. तरी. आज तिचा दिवस आहे."

मी कुलूप ठेवून परत बसलो. दोन पुरुष आणि बंद पंखा. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. वहिनी होत्या.

"रामराव, साहेब तिथेच आहेत का?"

"आहेत, वहिनी."

"मग पाठवा की वर. सगळ्याजणी कधीच गेल्या. चहा दोनदा गरम केला." मग हळू आवाजात म्हणाल्या, "घर फार रिकामं वाटतंय हो."

मी साहेबांना सांगितलं. चहाचंही सांगितलं आणि पुढचंही. ते उठले, आरशात बघून कॉलर नीट केली आणि बाहेर पडले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. तिच्यासाठी ते थांबले नाहीत, जिन्यानं गेले.